शाकारणी विसरलेले छप्पर

९ ऑक्टोबर २०२४ च्या रात्री अमेरिकेच्या फ्लोरिडा राज्यावर 'मिल्टन' हे चक्रीवादळ आदळले. तेथील सेंट पीटर्सबर्ग शहरात ट्रॉपिकाना फील्ड नावाचे बेसबॉलचे बंदिस्त मैदान आहे. १९९० साली उघडलेल्या या मैदानावर काचतंतूंच्या कापडाचे घुमटाकार छप्पर होते. वादळानंतर मदतकार्यासाठी येणाऱ्या लोकांकरिता याच छपराखाली हजारो खाटा मांडल्या होत्या. छपराची आखणी ताशी ११५ मैलांच्या वाऱ्यासाठी केलेली होती. वादळाचा जोर ओळखून माणसांची सोय वेळीच दुसरीकडे करण्यात आली, हे नशीब. कारण उजाडल्यावर पाहावे तो छपराच्या कापडाच्या चिंध्या लोंबत होत्या आणि वर उघडे आभाळ दिसत होते.

वाचकहो, अमेरिकेतील एका खेळाच्या मैदानाशी आम्हा मॉरिशसवासीयांचा काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध आहे. आम्हीही चक्रीवादळांच्या वाटेवर राहतो. आमची दुकाने, गोदामे, हॉटेले, शाळांची सभागृहे आणि समाजमंदिरे यांची छपरे अमेरिकेतील व्यापारी इमारतींसारखीच मोठी आणि सपाट होत चालली आहेत. त्या देशाने पैसा आणि अश्रू खर्चून जे धडे घेतले, ते आम्हाला फुकट मिळत असताना न घेणे हे शहाणपणाचे लक्षण नव्हे.

पहिला धडा कडेचा. २९ ऑगस्ट २००५ रोजी 'कॅटरिना' वादळ न्यू ऑर्लिन्सवर आले, तेव्हा हजारो लोक सुपरडोम या १९७५ साली उघडलेल्या भव्य मैदानात आश्रयाला होते. लोखंडी सांगाडा उभा राहिला, पण त्यावरचे पाणी अडवणारे आवरण वाऱ्याने सोलून काढले आणि पाणी खालच्या माणसांवर पडू लागले. सांगाडा मजबूत असला म्हणजे छप्पर मजबूत झाले, हा आपला समज असा फोल ठरतो.

वारा छपरावर वरून दाबतो असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात तो छप्पर वर ओढतो. भिंतीवर आदळलेला वारा उसळून कडेवरून जातो, तेव्हा छपराच्या काठाशी आणि कोपऱ्यांशी सर्वांत जबर ओढ निर्माण होते. काठावर लावलेली पत्र्याची पट्टी सैल असेल, तर ती आधी उचकटते. मग वारा आवरणाखाली शिरतो आणि पुढचे काम सोपे होते. वादळांनंतर पाहणी करणाऱ्या अमेरिकन तज्ज्ञांना सपाट छपरांच्या बाबतीत हेच पुन्हा पुन्हा दिसले. म्हणून तेथे १९९८ साली केवळ या काठाच्या पट्टीसाठी स्वतंत्र कसोटी ठरवण्यात आली. काठाशी आणि कोपऱ्यांत स्क्रू मधल्या भागापेक्षा जवळजवळ मारावेत, असा नियमच आहे. वर ठेवलेली वातानुकूलन यंत्रेही नीट जखडावी लागतात. नाहीतर ती उलथून आवरणाला भोके पाडतात.

हे नियम सहज आले नाहीत. २४ ऑगस्ट १९९२ रोजी 'अँड्र्यू' वादळाने दक्षिण फ्लोरिडातील घरे उघडी पाडली. कित्येक ठिकाणी छपराच्या फळ्यांचे खिळे खालच्या वाशात बसलेच नव्हते, ते बाजूने निसटून गेले होते. कायदा होता, पण खिळा कोणी तपासला नव्हता. त्यानंतर नियम कडक झाले आणि २००२ साली साऱ्या राज्याला एकच इमारत संहिता लागू झाली. पुढे विमा कंपन्यांनी चालवलेल्या संस्थेने २०१० साली दक्षिण कॅरोलायना राज्यात एक प्रयोगशाळा उभारली. तेथे १०५ प्रचंड पंखे लावून अख्ख्या घरावर वादळी वारा सोडतात आणि कोणता खिळा आधी सुटतो ते पाहतात.

दुसरा धडा पाण्याचा. कॅन्सस सिटीच्या केम्पर अरीनात १९७६ साली रिपब्लिकन पक्षाचे राष्ट्रीय अधिवेशन भरले होते. ४ जून १९७९ रोजी मुसळधार पाऊस आणि सोसाट्याचा वारा यांत त्याच सभागृहाच्या छपराचा मधला भाग कोसळला. शहराच्या गटारांवर एकदम भार येऊ नये म्हणून पावसाचे पाणी काही काळ छपरावरच थोपवावे, अशी तेथे मुद्दाम योजना होती. पाणी साचले की छप्पर वाकते, वाकले की आणखी पाणी साचते. त्यात छप्पर टांगून धरणारे बोल्ट वर्षानुवर्षे वाऱ्याच्या हेलकाव्यांनी थकलेले होते. जीवितहानी झाली नाही, कारण त्या दिवशी तेथे सभा नव्हती.

सपाट छप्पर खरोखर सपाट असूच नये. अमेरिकेच्या नियमांप्रमाणे नव्या छपराला दर फुटामागे किमान पाव इंच उतार हवा. पाण्याची मुख्य वाट तुंबली तर दुसरी वाटही हवी. ही दुसरी वाट म्हणजे चैन आहे असे ज्यांना वाटते, त्यांच्यासाठी घरचाच अनुभव सांगतो. आम्ही शिकवत असलेल्या एका शाळेचे सभागृह दोन वर्षे गळत होते. तज्ज्ञ आले, डांबर फासले गेले, बिले दिली गेली. शेवटी एका शिपायाने शिडी लावली, तेव्हा पन्हळीच्या तोंडात मुलांचा एक चेंडू आणि आंब्याच्या पानांचा लगदा सापडला. त्या दोन वर्षांत वर कोणी चढलेच नव्हते!

तिसरा धडा सर्वांत कडू आहे. १८ जानेवारी १९७८ च्या पहाटे हार्टफर्ड शहरातील सिव्हिक सेंटरचे प्रचंड छप्पर बर्फाच्या भाराने खाली आले. इमारत उघडून जेमतेम तीन वर्षे झाली होती. काही तासांपूर्वीच सुमारे ५,००० प्रेक्षक तेथे बास्केटबॉलचा सामना पाहून घरी गेले होते. आकडेमोड संगणकाने केलेली होती, म्हणून सर्वांचा तिच्यावर विश्वास होता. पण बांधकामाच्या वेळीच छपराचा झोळ हिशेबापेक्षा दुप्पट भरत असल्याचे दिसून आले होते. तशी सूचनाही देण्यात आली होती. चिंतेचे कारण नाही, असे उत्तर मिळाले. छप्पर बोलत होते, ऐकणारे कोणी नव्हते.

आता 'टिकाऊ' या शब्दाबरोबर हल्ली 'पर्यावरणपूरक' हा शब्दही येतो. त्यातही अमेरिकेची उदाहरणे बोलकी आहेत. जुलै १९९५ मधील उष्णतेच्या लाटेत शिकागो शहरात ७०० हून अधिक माणसे दगावली. तापलेल्या छपराखाली, सर्वांत वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांना धोका अधिक होता असे पाहणीत आढळले. पुढे शहराने नगरभवनाच्या छपरावर बाग केली. गंमत अशी की ती इमारत दोन संस्थांत विभागलेली आहे. शहराच्या अर्ध्या भागावर हिरवळ आली आणि परगण्याच्या अर्ध्या भागावर काळे डांबर राहिले. २००१ सालच्या उन्हाळ्यात काळ्या भागाचे तापमान ७५ अंश सेल्सिअसच्या वर मोजले गेले, तर शेजारची बाग त्याहून कितीतरी थंड होती. मिशिगन राज्यातील डिअरबॉर्न येथे फोर्ड कंपनीने २००३ साली कारखान्याच्या १०.४ एकर छपरावर कमी पाण्यात तगणाऱ्या सेडम या बुटक्या वनस्पतीची लागवड केली. ती पावसाचे पाणी शोषून घेते आणि खालची इमारत थंड ठेवते.

बागेचा खर्च झेपत नसेल तर पांढरा रंग आहे. स्वच्छ पांढरे छप्पर उन्हाचा बहुतांश भाग परत फेकते, काळे छप्पर तो बहुतेक सारा गिळते. कॅलिफोर्नियाने २००५ सालापासून व्यापारी इमारतींच्या सपाट छपरांसाठी अशा थंड छपरांचा नियमात समावेश केला. न्यूयॉर्क शहराने २०१९ साली नव्या इमारतींच्या छपरांवर सौर पट्ट्या किंवा हिरवळ बंधनकारक केली.

हे सारे स्तुत्य आहे. परंतु येथे आम्हाला एक गोष्ट स्पष्ट सांगावीशी वाटते. ज्या छपराला दहा वर्षांत उचकटून कचऱ्याच्या डोंगरावर फेकावे लागते, ते वरून हिरवे असो की पांढरे, पर्यावरणपूरक नव्हेच. जे छप्पर तीस वर्षे टिकते, तेच खरे काटकसरीचे छप्पर. सौर पट्ट्या पंचवीस वर्षे चालतात. त्या मरणाला टेकलेल्या छपरावर बसवल्या, तर पाच वर्षांनी सगळ्या उतरवून पुन्हा चढवाव्या लागतील. बागेच्या ओल्या मातीचे वजन कोणी तपासले नाही, तर हार्टफर्डचा धडा पुन्हा गिरवावा लागेल. पांढऱ्या रंगावर धूळ साचली की त्याचा गुण उतरतो, तो धुवावा लागतो. म्हणजे फिरून गोष्ट देखभालीवरच येते.

कोणी म्हणेल, आमच्याकडे काँक्रीटचा स्लॅब आहे, तो उडत नाही. खरे आहे. १९६० साली 'अ‍ॅलिक्स' आणि 'कॅरोल' या वादळांनी आमची पत्र्याची व गवताची घरे जमीनदोस्त केली आणि त्यानंतर या बेटाने काँक्रीटची कास धरली. १९७५ च्या 'जर्व्हेज'मध्ये आणि १९९४ च्या 'हॉलांडा'मध्ये त्या निर्णयाने किती जीव वाचवले, हे घरोघरी ठाऊक आहे. पण स्लॅब उडत नसला तरी तो गळतो, त्यातील सळ्या गंजतात आणि उन्हात तो भट्टीसारखा तापतो. शिवाय नवी गोदामे आणि मोठी दुकाने पुन्हा लोखंडी सांगाडा आणि पत्रा यांकडेच वळली आहेत. त्यांच्या काठाची पट्टी कोण तपासतो?

आमच्या संस्थांत सभागृह बांधायला देणग्या जमतात, कोनशिलेवर नावे कोरली जातात, उद्घाटनाला मंत्री येतात. पण छपराच्या देखभालीसाठी वेगळा निधी ठेवलेली किती मंडळे आहेत? ठेकेदार निवडताना सर्वांत कमी दराकडे बोट दाखवले जाते. तीस वर्षांचा खर्च मांडून पाहिला, तर स्वस्त छप्पर महाग ठरते, हे साधे गणित आमचा सहावीतील विद्यार्थीही सोडवील.

म्हणून प्रत्येक शाळेने, मंडळाने आणि दुकानदाराने चार गोष्टी कराव्यात. छपराची एक वही ठेवावी, तीत केव्हा काय दुरुस्त केले ते लिहावे. वर्षातून दोनदा, आणि प्रत्येक वादळानंतर, जाणत्या माणसाला वर पाठवावे. काठाच्या पट्ट्या, कोपरे आणि पाण्याच्या वाटा प्रथम पाहाव्यात. आणि बांधकामाच्या खर्चाबरोबरच देखभालीचा वार्षिक निधी त्याच सभेत मंजूर करून घ्यावा. जेथे वादळात लोकांना आसरा दिला जातो, त्या इमारतींसाठी तरी शासनाने ही वही सक्तीची करावी.

यात नवे असे काही नाही. आपले पूर्वज कोकणातून जहाजाने या बेटावर आले. त्या कोकणात मृगाच्या आधी घर शाकारल्याशिवाय शेतकरी स्वस्थ बसत नसे. गवत नवे घालायचे, फुटके कौल बदलायचे, वळचण आणि पन्हळ साफ करायची. छप्पर साधे होते, पण दरवर्षी माणसाचा हात त्यावरून फिरत असे. आमची छपरे काँक्रीटची आणि लोखंडाची झाली आणि तो हात मात्र थांबला.

आमचा वादळी मोसम नोव्हेंबरात सुरू होतो. शाकारणीचा महिना म्हणून ऑक्टोबर धरावा. या ऑक्टोबरात आपापल्या मंडळाच्या छपरावर शिडी लावा. आभाळ फाटल्यावर ठिगळ कुठे कुठे लावणार?