जिन्याचा कठडा खरवडण्याआधी

शाबानचा चंद्र दिसला की आपल्या घरांत आवराआवरीला सुरुवात होते. पडदे उतरतात, गाद्यांना ऊन दाखवले जाते, माळ्यावरची मोठी पातेली खाली येतात. रमजानमध्ये रोजे ठेवून जड कामे नकोत, म्हणून ती आधीच उरकून घ्यायची. या धांदलीत कुणाची तरी नजर जिन्याकडे जातेच. वर्षानुवर्षे हात फिरून काळी पडलेली कठड्याची पट्टी, दांड्यांवरचे सुटलेले पोपडे, मधूनच डोकावणारा आधीचा हिरवा रंग. मग दादी म्हणतात, "ईदला पाहुणे येणार, एवढा कठडा तरी चांगला करा." घरातली तरुण मुले लगेच पॉलिश पेपर आणि रंगाचा डबा आणायला निघतात.

त्यांना दारातच थांबवावे, यासाठी हा लेख आहे. काम करू नका असे म्हणायचे नाही. काम घरच्या घरी उत्तम होते. फक्त सुरुवात कुठून करायची ते आधी ठरवले पाहिजे.

कोकणातल्या आपल्या जुन्या घरांत, दापोली-खेडपासून रत्नागिरीपर्यंत, लाकडी जिने अजून बऱ्याच ठिकाणी टिकून आहेत. साग, फणस, ऐन. दांडे खरादीवर कातलेले, कोपऱ्याचा खांब जाड, त्याच्या डोक्यावर गोल बोंड. हल्ली आखाताहून पैसे आले की हा कठडा उचकटून स्टीलचा चकचकीत कठडा बसवण्याची पद्धत पडली आहे. जुने लाकूड घेणारा व्यापारी दारात येतो, सागाच्या दांड्यांचे किरकोळ पैसे देतो आणि तेच दांडे शहरात चांगल्या भावाला विकतो. स्टील वाईट नाही, त्याला वाळवी लागत नाही. पण चांगला साग पुढच्या पिढीलाही पुरतो, तो निव्वळ हौसेपोटी काढून टाकणे मला तरी इसराफ वाटतो. कठड्याला वाळवी किंवा भुंगा लागून लाकूड आतून पोकळ झाले असेल, तर गोष्ट वेगळी. दांड्यावर टिचकी मारून बघा. भरीव आवाज आला तर लाकूड शाबूत आहे. पोकळ आवाज आला, खाली पिठासारखा भुसा पडलेला दिसला किंवा टोचा सहज आत गेला, तर सुतार बोलवा. तिथे रंगाने काही होणार नाही.

(जाता जाता एक सांगते. 'जिना' हा शब्द मराठीत फारसीतून आला आणि उर्दूतही तो तसाच आहे. मराठीतला 'कठडा' उर्दूत 'कटहरा' होतो. वर्गात हे सांगितले की मुलांचा चेहरा खुलतो. दोन भाषांच्या घरांत एकच जिना!)

पहिले काम रंगाचे नव्हे, हलवून बघण्याचे. प्रत्येक दांडा धरून हलवा. मग वरच्या पट्टीवर मोठ्या माणसाने अंगाचा भार टाकून पाहावा. आपल्याकडे दादी-नाना याच पट्टीच्या आधाराने पहाटे वुजूसाठी खाली उतरतात आणि लहान मुले याच दांड्यांना लोंबकळतात. अबू दाऊद यांच्या हदीस-संग्रहात कठडा नसलेल्या छतावर झोपण्याबद्दल ताकीद आली आहे. म्हणजे पडण्यापासून बचाव करणे हा आपल्याकडे केवळ बांधकामाचा विषय नाही. आणि हलणारा कठडा नसलेल्या कठड्याहून धोक्याचा, कारण त्यावर माणूस भरवसा ठेवतो. सैल दांड्याच्या खाचेतला जुना चुरा काढा, फेव्हिकॉल घाला, लाकडाची बारीक पाचर ठोका आणि एक दिवस हात लावू नका. नुसता खिळा मारला तर लाकूड चिरते आणि दांडा महिन्याभरात पुन्हा हलू लागतो. दोन दांड्यांमधली फट दहा सेंटीमीटरहून जास्त असेल आणि घरात रांगते मूल असेल, तर मध्ये एक दांडा वाढवून घ्या. फटीतून अंग गेले आणि डोके अडकले, असे अपघात होतात.

आता मुख्य गोष्ट.

एका वाचक भगिनीने विचारले आहे की, त्यांच्या सासरच्या जिन्याला तीन-चार थर जुना ऑइल पेंट आहे, तो पूर्ण खरवडून लाकूड उघडे करायचे आहे. मशीन भाड्याने मिळते, दीर मदत करतील. पत्राच्या शेवटी सहज लिहिले आहे की, धाकटी जाऊ सहा महिन्यांची गरोदर आहे आणि दोन वर्षांचा पुतण्या कठड्याला दात लावतो. मला पत्रात सगळ्यात महत्त्वाची वाटली ती ही शेवटची ओळ.

जुन्या ऑइल पेंटमध्ये शिसे असू शकते. पिवळा, नारिंगी, लाल आणि काही हिरवे रंग शिशाच्या क्षारांपासून बनत. रंग लवकर वाळावा म्हणूनही शिसे घालत. आपल्या देशात घरगुती रंगांतल्या शिशावर बंधन घालणारे नियम 2016 साली आले. 1 नोव्हेंबर 2017 पासून दहा लाख भागांत 90 भागांपेक्षा जास्त शिसे असलेला घरगुती रंग बनवायला आणि विकायला मनाई आहे. म्हणजे त्याआधी लागलेल्या थरांबद्दल खात्री देता येत नाही. आजोबांच्या काळातल्या थरांबद्दल तर मुळीच नाही.

भिंतीवर किंवा लाकडावर घट्ट बसलेला रंग सहसा त्रास देत नाही. तो कोरडा घासला की पिठासारखी धूळ उडते आणि घरभर बसते. जानमाजवर, उशीवर, उघड्या पाण्याच्या भांड्यात. रांगणाऱ्या मुलाचा हात जमिनीवर आणि मग तोंडात. शिसे शरीरात गेले की लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीवर परिणाम करते. बुद्धी, लक्ष, वागणे, सगळ्यावर. किती शिसे चालेल अशी सुरक्षित मर्यादा जागतिक आरोग्य संघटनेनेही सांगितलेली नाही. आईच्या रक्तातून ते पोटातल्या बाळापर्यंत पोहोचते. वर्गात एखादे मूल एका जागी बसत नाही, सांगितलेले विसरते, म्हणून आपण त्याला रागावतो. प्रत्येक वेळी कारण शिसे असते असे अजिबात नाही. पण जे कारण घरातच टाळता येते ते तरी टाळावे.

म्हणून त्या भगिनीला माझे उत्तर असे: रंग घट्ट बसलेला असेल तर तो काढूच नका. जुन्या रंगावर नवा रंग नीट बसतो आणि खालचा थर आत झाकला जातो. मशीन तर आणूच नका. ज्योतीच्या बत्तीने रंग जाळून काढण्याची जुनी पद्धतही नको, कारण शिशाची वाफ थेट छातीत जाते. जिथे पोपडे सुटले आहेत तेवढेच काढायचे आणि तेही ओले करून. काम चालू असेल ते दिवस जाऊबाईंनी आणि छोट्याने माहेरी किंवा खालांकडे राहावे. आणि दात लावण्याची सवय आहे, म्हणून त्या मुलाच्या रक्तातले शिसे तपासायचे का, हे डॉक्टरांना जरूर विचारा. ही तपासणी रक्ताचा नमुना घेऊन होते.

ओले काम कसे करायचे? पायऱ्यांवर आणि खालच्या जमिनीवर प्लास्टिक अंथरून कडांना चिकटपट्टी लावा. खोल्यांची दारे बंद, पंखा बंद, बाहेरची खिडकी उघडी. फवारणीच्या बाटलीने पाणी मारत सुटलेला रंग पत्र्याच्या खरवडणीने अलगद काढा. मग काळा वॉटर पेपर पाण्यात बुडवून कडा सपाट करा. तोंडाला एन-95 मास्क हवा, ओढणी किंवा रुमालाने ही धूळ अडत नाही. काम झाल्यावर झाडू मारायचा नाही. ओल्या फडक्याने टिपून घ्या, फडके आणि प्लास्टिक गुंडाळून पिशवीत बांधून टाका. काम करणाऱ्याने आधी अंघोळ करावी, मगच मुलांना जवळ घ्यावे. ते कपडेही वेगळे धुवावेत.

पोपडे निघाले की उरलेला रंग धुवा. वर्षानुवर्षांच्या हाताच्या तेलकटपणावर नवा रंग धरत नाही. कोमट पाण्यात थोडा धुण्याचा सोडा, हातात रबरी मोजे, मग दोनदा साध्या पाण्याने पुसून पूर्ण दिवस वाळू द्या. उघड्या सागाला मात्र सोडा लावू नका, लाकूड काळवंडते. तिथे साबणाचे सौम्य पाणी पुरे. जुन्या रंगाची चकाकी ओल्या वॉटर पेपरने मोडा, म्हणजे नव्या थराला पकड मिळते. खड्डे लांबीने भरा. जिथे लाकूड उघडे पडले तिथे वुड प्रायमरचा हात आणि त्यावर ऑइल पेंटचे दोन पातळ हात. एकच जाड हात दिला की ओघळ येतात आणि आतला रंग दिवसेंदिवस चिकट राहतो. घेताना डब्यावर शिशाबद्दल काय छापले आहे तेही वाचा.

कठड्याला रंग नसून जुने पॉलिश असेल, तर तुम्ही नशीबवान आहात. फ्रेंच पॉलिश म्हणजे लाखेची चपडी स्पिरिटमध्ये विरघळवून केलेले पॉलिश. लिटरभर स्पिरिटला साधारण 140 ग्रॅम चपडी, आत कापूस ठेवून मलमलच्या फडक्याची पुरचुंडी, आणि पातळ हातावर हात. दिसायला याच्या तोडीचे काही नाही. पण पाण्याने त्यावर पांढरे डाग पडतात आणि स्पिरिट लागले की ते विरघळते. कोरोनाच्या काळात सॅनिटायझर लावलेले ओले हात फिरून कित्येक जुन्या कठड्यांचे पॉलिश चिकट झाले ते यामुळेच. दांड्यांना फ्रेंच पॉलिश शोभते, पण हात फिरणाऱ्या वरच्या पट्टीला मी तरी पीयू लावेन. ते टणक असते, पुसता येते आणि पाण्यात मिसळणाऱ्या पीयूला वासही कमी. साग मूळचा तेलकट असतो, म्हणून पीयूच्या आधी पट्टी थिनरच्या फडक्याने पुसून घ्या. दोन हातांच्या मध्ये 320 नंबरचा पेपर अगदी हलका फिरवा.

स्पिरिटबद्दल काही घरांत मनात शंका असते. पॉलिशचे स्पिरिट विषारी करून विकले जाते, ते पिण्याचे नव्हे आणि वाळताना उडून जाते, एवढे वस्तुस्थिती म्हणून सांगता येते. फतवा देणे माझे काम नाही, तो आपल्या मुफ्तीसाहेबांना विचारावा. पाण्याचे पीयू घेतले तर हा प्रश्नच येत नाही.

ब्रशबद्दल मात्र सांगितलेच पाहिजे, कारण फार थोड्यांना ठाऊक असते. दुकानात मिळणारे नैसर्गिक केसांचे रंगाचे ब्रश बहुतेक वेळा डुकराच्या केसांचे असतात. दुकानदार विचारल्याशिवाय सांगत नाही, कित्येकदा त्यालाही माहीत नसते. "नायलॉनचा द्या" असे स्पष्ट सांगा. पाण्याच्या रंगाला तर नायलॉनच चांगला, नैसर्गिक केस पाण्याने फुगून मऊ पडतात. कातीव दांड्यांना एक इंची ब्रश पुरतो, त्याहून रुंद घेतला की खाचांत रंग साचतो.

आधी दांडे, वरून खाली. पट्टी सगळ्यात शेवटी. वर झोपायच्या खोल्या असतील तर पट्टी अशा दिवशी रंगवा की त्या रात्री म्हाताऱ्या माणसांना जिना चढायला लागू नये. ओली पट्टी म्हणजे त्यांच्यासाठी पट्टी नसल्यासारखीच. त्यांचे अंथरूण एक-दोन रात्री खाली घाला. पावसाळ्यात हे काम काढू नका. दमट हवेत लाखेवर पांढुरकी झाक येते आणि ऑइल पेंट वाळता वाळत नाही. काम संध्याकाळी थांबवावे, म्हणजे मगरिबच्या घाईत कुणाचा कुर्ता लागणार नाही.

कुणी जवसाचे तेल लावणार असेल, तर तेलात भिजलेली फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. हे तेल वाळताना तापते आणि दडपलेली फडकी आपोआप पेट घेऊ शकतात. ती दोरीवर बाहेर मोकळी पसरा, नाहीतर पाण्याच्या बादलीत बुडवा. थिनर आणि स्पिरिट चुलीपासून लांब, आणि पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत चुकूनही भरून ठेवू नका. इफ्तारच्या वेळी तहानलेला हात बाटलीवरचे नाव वाचत नाही.

ऑइल पेंट एका रात्रीत हाताला कोरडा लागतो, पण पुरता टणक व्हायला आठवडाभर घेतो. तेव्हा हिशेब असा धरा: हलवून बघणे आणि पाचरी यांना दोन दिवस, ओली सफाई आणि वाळवण दोन दिवस, लांबी-प्रायमर एक दिवस, रंगाचे दोन हात दोन दिवस, आणि मग मोकळा एक आठवडा. शाबानच्या पहिल्या आठवड्यात हात घातला तर रमजानच्या चंद्राआधी इन्शाअल्लाह वासही गेलेला असेल.