भंगारातून गाडी उभी राहील, पण त्या बारक्या नळीचं काय?

डिसेंबर २०२१ मध्ये सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावच्या दत्तात्रय लोहार यांची घरी बनवलेली छोटी जीप देशभर मोबाइलवर फिरली. टाकाऊ सुटे भाग, साधारण ६० हजारांचा खर्च आणि दुचाकीसारखी किक मारून सुरू होणारं इंजिन. आनंद महिंद्रांनी ट्विटरवर कौतुक केलं. ही गाडी नियमात बसत नाही, आज ना उद्या अधिकारी थांबवतील, असंही त्यांनी त्यातच लिहिलं आणि बदल्यात बोलेरो देऊ केली. जानेवारी २०२२ मध्ये ती दिलीसुद्धा.

तेव्हापासून "मीही बनवतो" म्हणणारी पोरं आमच्या नांदगाव खंडेश्वरातही भेटतात. चेसिस वेल्ड करायला इथे कोणी अडत नाही, ट्रॉल्या बनवणारे हात आहेत. अडतं ते इंजिनपाशी. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं आणि नव्या दुचाकींमधला कार्बोरेटर जवळपास गेला. म्हणजे आता भंगारात जे इंजिन येऊ लागलंय, ते इंजेक्शनचं आहे. त्याला नुसतं पेट्रोल आणि ठिणगी देऊन भागत नाही. त्याला माहिती लागते.

ही माहिती देणाऱ्यांतला मुख्य म्हणजे मॅप सेन्सर. नकाशाशी त्याचा संबंध नाही. इंजिनात हवा जाते त्या मॅनिफोल्डमधला दाब तो मोजतो. त्यावरून आणि इंजिनच्या फेऱ्यांवरून ईसीयू ठरवतो की पेट्रोल किती सोडायचं. बऱ्याच बाइकमध्ये हा सेन्सर थ्रॉटल बॉडीवरच बसलेला असतो, नळीच नसते. पण तुम्ही इंजिन काढून स्वतःचं इनटेक बनवलं, किंवा अर्डुइनोवर चालणाऱ्या स्पीडुइनोसारखा मुक्त स्रोत ईसीयू लावला, की सेन्सर दूर जातो आणि मध्ये साधारण चार मिलिमीटरची रबरी नळी येते.

ही नळी कुठे जोडायची? थ्रॉटलच्या पाकळीनंतर, इंजिनच्या बाजूला. थ्रॉटल बॉडीवर कधी कधी दोन टोट्या शेजारी असतात आणि त्यातली एक पाकळीच्या अलीकडे उघडते. तिथे नळी लावली तर इंजिन स्लोवर असताना सेन्सरला बाहेरच्या हवेचाच दाब दिसतो. ईसीयूला वाटतं, गाडी फुल रेसवर आहे. मग तो पेट्रोल ओततो, प्लग भिजतो, काळा धूर येतो. प्रोग्रॅममध्ये काही चूक नाही, त्याला दिलेला आकडाच खोटा आहे. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना हे दुखणं चांगलं ओळखीचं!

नळी चिरलेली असेल तरी असंच, फक्त कमी प्रमाणात. उलट ती दबलेली किंवा अर्धी चोंदलेली असेल तर दाबातला बदल उशिरा पोचतो. एकदम रेस दिली की पेट्रोल कमी पडतं आणि इंजिन गचके खातं. म्हणून नळी आखूड, पेट्रोलची वाफ सोसणारी आणि सायलेन्सरपासून लांब ठेवा. सेन्सर टोटीपेक्षा उंचावर बसवा, म्हणजे नळीत साचलेलं पेट्रोल सेन्सरकडे न जाता परत खाली ओघळेल. ब्रेक बूस्टरची नळी त्याच टोटीवर टी लावून जोडू नका. ब्रेक दाबला की आकडा हलेल. प्रत्येक सिलिंडरला वेगळी थ्रॉटल असेल तर सगळ्यांच्या नळ्या आधी एका छोट्या डब्यात आणा आणि तिथून एकच नळी सेन्सरला द्या.

कारचं इंजिन मूळ ईसीयूसकट वापरत असाल तर तपासायला फोन पुरतो. ब्लूटूथ ओबीडी अडॅप्टर लावा, चावी फिरवा, पण इंजिन सुरू करू नका. अमरावती समुद्रसपाटीपासून सुमारे ३४० मीटर उंच आहे, त्यामुळे आपल्याकडे ९६-९७ किलोपास्कलच्या आसपास दिसायला हवं. फोनमध्ये बॅरोमीटर असेल तर त्याच्याशी ताडून पाहा. हवामानाच्या अ‍ॅपमधला आकडा घेऊ नका, तो समुद्रसपाटीला जुळवून दाखवलेला असतो. इंजिन सुरू होऊन स्लोवर आलं की आकडा साधारण ३० ते ४० पर्यंत पडतो. न पडल्यास नळी बघा. पी०१०६ हा कोड दिसला की लोक थेट नवा सेन्सर घेतात, बहुतेकदा दहा-वीस रुपयांची नळी बघायचीच राहते.

आता गाडी चालली असं धरू. पण चालवणार कुठे? समृद्धी महामार्ग आपल्याच तालुक्यातून जातो, पण तिथे काय, गावातल्या रस्त्यावरही ती काढता येत नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ उत्पादकाच्या मूळ तपशिलात बदल करू देत नाही आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच सांगितलं. नवी गाडी रस्त्यावर आणायची तर नमुना पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेत तपासून मंजूर व्हावा लागतो. ही वाट कारखान्यांसाठी आखलेली आहे, एकच गाडी बनवणाऱ्यासाठी नाही. ब्रिटनमध्ये किट कारची एकेक गाडी तपासून मंजूर करायची स्वतंत्र सोय आहे. माझ्या मते आपल्याकडेही ती हवी. दिवे, ब्रेक, धूर तपासा, नापास करा, पण तपासा तरी.

तोवर स्वतःचं शेत आहे. इंजिनिअरिंगला असाल तर कोइम्बतूरच्या कारी ट्रॅकवर होणारी फॉर्म्युला भारत स्पर्धाही आहे. तिथे पेट्रोल गाडीची सगळी हवा २० मिलिमीटरच्या भोकातूनच इंजिनात गेली पाहिजे असा नियम आहे. सैल बसलेल्या नळीतून हवा शिरली तर ती त्या भोकाला वळसा घालून आलेली हवा ठरते, आणि गाडी तांत्रिक तपासणीतच अडकते.