लेडीज हॉस्टेलमधला 'हिज' कोण?

मागच्या सेमिस्टरची गोष्ट. मेसच्या टेबलावर कुणाचा तरी कॅल्क्युलेटर राहिला होता. तो सापडला आमच्या विंगमधल्या एका फर्स्ट इयरच्या मुलीला. तालुक्याच्या गावातून आलेली, दहावीपर्यंत मराठी मीडियम. तिने वहीचं पान फाडून बोर्डावर नोटीस लावली : 'इफ एनीवन हॅज लॉस्ट देअर कॅल्क्युलेटर, दे कॅन कलेक्ट इट फ्रॉम रूम नंबर 14.'

मी जेवायला चालले होते. हातात पेन होतंच. कॉन्व्हेंटमध्ये बारा वर्षं काढलेल्या मुलीला अशी 'चूक' दिसली की हात शिवशिवतातच! 'एनीवन' एकवचनी, मग पुढे 'देअर' आणि 'दे' कसं चालेल? मी ऐटीत 'देअर' खोडून 'हिज' केलं, 'दे'चं 'ही' केलं. आठवीत याच चुकीसाठी माझा अर्धा मार्क गेला होता, तो असा वसूल!

रात्री हजेरीला रेक्टर मॅडमनी नोटीस वाचली. म्हणाल्या, "लेडीज हॉस्टेलमध्ये हा 'हिज' कोण गं? त्याला आधी माझ्याकडे पाठवा!" सगळ्या खो खो हसल्या. मीही हसले. ती मात्र हसली नाही. तिला वाटलं, आपल्या इंग्लिशलाच हसतायत. सकाळी बोर्डावर नोटीस नव्हती. त्यानंतर साधा रजेचा अर्ज लिहायचा असला तरी ती माझ्याकडे यायची, "ताई, तूच लिहून दे ना." ग्रुप डिस्कशनच्या प्रॅक्टिसला तर ती शेवटच्या बाकावर जाऊन बसायला लागली.

एकदा मी सहज विचारलं, "तू 'देअर' का लिहिलं होतंस गं?" ती म्हणाली, "व्हॉट्सॲपवर येतं की. कुणी नंबर बदलला की 'चेंज्ड देअर फोन नंबर'. माणूस तर एकच असतो ना?"

माझी बोलतीच बंद!

मग मी कान उघडे ठेवून ऐकायला लागले. लॅबमध्ये सर विचारतात, "हॅज एव्हरीबडी सबमिटेड देअर जर्नल?" सिनेमात दार वाजतं आणि कुणीतरी म्हणतं, "समवन इज ॲट द डोअर, आस्क देम टू वेट." आणि आठवलं, माझा अर्धा मार्क कापणाऱ्या टीचर स्वतः मधल्या सुट्टीत विचारायच्या, "हॅज एव्हरीवन ब्रॉट देअर टिफिन?" वहीत चूक आणि तोंडात बरोबर, असा हा प्रकार!

शोधल्यावर कळलं की हे मोबाइलवाल्या पिढीचं फॅडही नाही. एका माणसासाठी 'दे' वापरल्याचा दाखला सुमारे 1375 सालच्या एका इंग्लिश काव्यात सापडतो. शेक्सपिअरने ते वापरलंय, जेन ऑस्टिनने तर भरपूर. मग बिघडलं कुठे? 18व्या शतकात व्याकरणाची पुस्तकं निघाली तिथे. लिंडली मरेच्या 1795 सालच्या व्याकरणात 'एनीवन'नंतर 'देअर' लिहिणं ही चूक दाखवून तिथे 'हिज' करून दिलंय. म्हणजे मी बोर्डावर जे केलं ते मरेसाहेबांनी सव्वादोनशे वर्षांपूर्वीच करून ठेवलं होतं!

पण त्या 'हिज'मध्ये मुली आपोआप येतात का? येत असत्या तर कायद्याला तसं वेगळं सांगावं लागलं नसतं. ब्रिटिश पार्लमेंटने 1850 साली कायदा करून सांगितलं की पुल्लिंगी शब्दांत स्त्रियाही धराव्यात. आपल्या 1860 च्या दंडसंहितेच्या कलम 8 मध्ये लिहिलं होतं की 'ही' म्हणजे पुरुष किंवा स्त्री. 1 जुलै 2024 पासून तिच्या जागी भारतीय न्याय संहिता आली, त्यात ट्रान्सजेंडर हा शब्दही जोडलाय. एवढ्या कलमांचा टेकू लागतो त्या 'ही'ला! 'दे' मात्र बिनटेकूचा उभा आहे. 2019 साली मेरियम-वेब्स्टर डिक्शनरीने याच 'दे'ला वर्षाचा शब्द ठरवलं. माणूस एक असला तरी सोबत 'आर'च येतो म्हणून बिचकायचं कारण नाही. 'यू' हासुद्धा मुळात अनेकवचनी, आज एकट्यालाही आपण 'यू आर'च म्हणतो.

आणि खरं तर हे मराठी माणसाला पटकन कळायला हवं. 'प्रिन्सिपल सर आले' म्हणतो तेव्हा सर एकच असतात, क्रियापद अनेकवचनी. दारावर टकटक झाली की आपण विचारतो, 'कोण आलंय?' आला नाही, आली नाही, आलं! माणूस कोण ते माहीत नाही, म्हणून नपुंसकलिंग. इंग्लिशवाल्यांना माणसाला 'इट' म्हणणं बरं वाटत नाही, म्हणून ते 'दे' म्हणतात. अडचण तीच, त्यांनी वचन बदललं, आपण लिंग बदललं. माझ्या ज्युनिअरला हे न शिकवता कळलं होतं. मला बारा वर्षं शिकूनही नाही.

आपण इंजिनिअरिंगवाले. प्रॅक्टिकलला ग्राफ सरळ यावा म्हणून रीडिंग 'मॅनेज' करणं म्हणजे काय, हे मी इथे सांगायला नको! मरेसाहेबांनी तेच केलं. लोक जे बोलत होते ते रीडिंग. ते नियमात बसेना, तर रीडिंगच चूक ठरवलं.

कुणी म्हणेल, मग काय व्याकरण गुंडाळून ठेवायचं? मुळीच नाही. 'ही डोन्ट नो' लिहिलं तर परीक्षेत आणि इंटरव्ह्यूत मार्क जाणारच, मैत्रिणीने ते सांगायलाच हवं. 'देअर'वर अडून बसणारा परीक्षक भेटलाच तर 'ऑल स्टुडंट्स' लिहून मोकळं व्हावं, वादच नको. माझं म्हणणं एवढंच, की आपण कॉन्व्हेंटवाले दुसऱ्याची चूक काढतो ती बऱ्याचदा भाषेसाठी नसते. आपण कुठून आलो ते दाखवण्यासाठी असते. समोरच्याला काय म्हणायचंय ते कळलं होतं ना? कॅल्क्युलेटर हरवलेलीला खोली नंबर 14 सापडली असती ना? मग माझ्या पेनचं तिथे काय काम होतं? आणि सांगायचंच होतं तर बाजूला घेऊन सांगायचं, बोर्डावर नाही.

मी तिची माफी मागितली. ती म्हणाली, "जाऊ दे गं ताई, त्यात काय एवढं." पण परवाच्या ग्रुप डिस्कशनला ती गप्पच होती. विषयाची तयारी माझ्यापेक्षा तिची चांगली होती, हे मला माहीत आहे. नोटिशीवरचा शब्द खोडायला मला दोन सेकंद लागली होती. तिचा आवाज परत यायला किती सेमिस्टर लागतील, कोण जाणे!