बोअरच्या पाण्याने प्रवाळ पोसत नाही

सांगली-साताऱ्यात खाऱ्या पाण्याची टाकी ठेवणाऱ्याला बोअरचं जड पाणी म्हणजे फुकटचं कॅल्शियम वाटू शकतं. पण समुद्राच्या लिटरभर पाण्यात सुमारे ४१० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं. बोअर सहसा तिथवर पोचत नाही, उलट ऊसपट्ट्यातलं नायट्रेट सोबत आणू शकतं. आरओचं पाणी आणि समुद्री मीठच बरं. नुसतं कॅल्शियम क्लोराइड ओतणंही व्यर्थ. प्रवाळाचा सांगाडा कॅल्शियम कार्बोनेटचा. लिटरमागे २० मिलिग्रॅम कॅल्शियम खर्चलं की अल्कलिनिटी (पाण्यातला कार्बोनेटचा साठा) २.८ अंशांनी (dKH), म्हणजे समुद्रातल्या सुमारे सातांपैकी दोन-पंचमांशाने, उतरते. म्हणून आधी तीच मोजावी. पाणी बदललं की भागतं, हे मऊ प्रवाळांपुरतं खरं. दगडी प्रवाळ जोमाने वाढू लागले की अपुरं पडतं. (ते मालवणहून आणायचा विचारही नको, २००१ पासून वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे.)