डॅशबोर्डच्या खणाचा अडकणारा खटका

चातुर्मासात साध्वीजींच्या दर्शनासाठी ओतूरहून मंचरला निघालेले एखादे कुटुंब डोळ्यांसमोर आणावे. गाडी वीस-बावीस वर्षांची. पुढच्या आसनावर आजोबा. नारायणगाव मागे पडते आणि कळंबच्या अलीकडे आजोबांच्या छातीत दाटून येते. जिभेखाली ठेवायची गोळी समोरच्या खणात आहे आणि खण उघडत नाही. नातू बटण दाबतो, सूनबाई झाकण ओढतात, मागून कोणी पेचकस पुढे करतो. गोळी हाती येते तेव्हा झाकणाची कड तडकलेली असते आणि मोलाची पाच मिनिटे गेलेली असतात. प्रसंग कल्पित आहे. परंतु अडकणारा खण जुन्या गाडीच्या घरी नवा नाही, आणि 'जरा धक्का दिला की उघडतो' म्हणून तो वर्षानुवर्षे तसाच चालवून घेतला जातो, हेही नवे नाही.

हा दोष फार थोड्या वेळा खटक्याच्या मोडण्यामुळे उद्भवतो. खटक्याची रचना अत्यंत साधी असते. झाकणाला एक जीभ, तिच्यामागे स्प्रिंग आणि समोर चौकटीवर ती जीभ अडकण्यासाठी एक कडी. बटण दाबले की जीभ मागे सरते, सोडले की पुढे येते. अ‍ॅम्बॅसडर आणि फियाटच्या काळात ही जीभ बहुधा धातूची असे. नंतरच्या गाड्यांत ती प्लास्टिकची झाली आणि जोराला अधिक नाजूक झाली. जीभ आणि कडी एकमेकींच्या समोर नेमक्या असतील तर खण बोटाने उघडतो. दोन-तीन मिलिमीटरचा फरक पडला की जीभ कडीवर घासते, रुतते, आणि माणूस दोष कुलपाला देतो.

फरक पडण्याचे पहिले कारण म्हणजे खणातील भार, आणि व्यापारी घरांत ते विशेष आढळते. पेढीवरचा माणूस गाडीच्या खणाला दुसरा गल्ला समजतो. वजनकाट्याच्या पावत्या, पेट्रोलची बिले, संपलेल्या विम्याची पत्रके, दोन डायऱ्या, कुठल्याशा दुकानाच्या किल्ल्यांचा जुडगा, मागील वर्षीची लग्नपत्रिका. खण गच्च भरला की आतील वस्तू झाकणाला बाहेर रेटतात, सारा दाब जिभेवर येतो आणि दाबाखालची जीभ स्प्रिंगला जुमानत नाही. परिग्रहाचे परिमाण ठरविणारी माणसे गाडीचा हा एक हात लांबीचा कोपरा हिशेबात धरीत नाहीत, याची गंमत वाटते.

यावरूनच बंद खण उघडण्याची रीत सुचते. एकाने तळहाताने झाकण खटक्याजवळ आत दाबून धरावे, दुसऱ्याने बटण दाबावे, आणि मगच झाकण हळू बाहेर घ्यावे. आत दाबल्याने जिभेवरचा ताण सुटतो. ओढण्याने तो वाढतो; म्हणून ओढणारा जितका बलवान तितका खण अधिक घट्ट. एवढ्यानेही न उघडल्यास झाकणावर मुठीच्या कडेने दोन-चार हलके ठोके द्यावेत, म्हणजे आतील वस्तू मागे सरकतात. अनेक जुन्या गाड्यांत खालच्या बिजागरीचे स्क्रू पायांच्या बाजूने, खाली वाकून पाहिल्यास दिसतात. ते काढले की झाकण खालून सुटते. फटीत पेचकस घालणे हा उपाय नव्हे. एका जुन्या झाकणाचा जोड शोधण्यासाठी भंगारबाजारात किती फेऱ्या होतात, हे ज्यांनी केले आहे त्यांना विचारावे.

खण उघडल्यावर तो पूर्ण रिकामा करावा आणि झाकण उघडे असतानाच परीक्षा घ्यावी. अंगठ्याने जीभ आत दाबून सोडावी. ती चटकन बाहेर आली, आणि बटण दाबताच पुन्हा आत गेली, तर खटका निर्दोष आहे व दोष जुळणीत आहे. ती मंद गतीने आली तर मळ किंवा वाळलेले तेल आहे. आलीच नाही तर स्प्रिंग गेली आहे, आणि तेव्हा मात्र खटका बदलावा लागतो. या अर्ध्या मिनिटाच्या परीक्षेवाचून काही विकत आणू नये.

मळाविषयी या दोन तालुक्यांची स्वतंत्र कथा आहे. नाणेघाट, आंबोली, भीमाशंकरच्या बाजूला पावसाळा असा की चार महिने गाडीच्या आत ओल मुरते, धातूवर तांबेरा चढतो, कागद फुगतात. पूर्वेकडे बेल्हे, आळे, पारगावच्या रस्त्यांवर कोरडी, पिठासारखी धूळ. एकाच गाडीला दोन्ही ऋतू आणि दोन्ही रस्ते भोगावे लागतात. ओलीवर धूळ बसून जो लेप होतो, त्यावर घरातले कोणी खोबरेल सोडते. येथेच चूक होते. खोबरेल तेल साधारण 24 अंशांखाली गोठू लागते. जुन्नरच्या थंडीत पहाटेचा पारा याहून पुष्कळ खाली असतो. दिवाळीपूर्वी मऊ झालेला खटका पौषात दगड होतो. गोडे तेलही काही महिन्यांत चिकट होऊन धूळ धरते.

स्वच्छतेपूर्वी जयणा. बंद, उबदार, कागदांनी भरलेल्या खणात मुंग्या, झुरळे, कोळी वस्ती करतात. क्वचित उंदराचे घरटेही निघते. म्हणून आधी टॉर्चने आत पाहावे, मऊ कुंचल्याने हलके पुंजावे, जीव दिसल्यास कागदावर घेऊन सावलीत सोडावे, आणि मगच ब्रश व चिंधी चालवावी. फवारा मारून मोकळे होणे हे आपल्या घरी होऊ नये. खणात खाण्याचे पुडे ठेवले नाहीत तर हा प्रश्न बहुतांशी उद्भवतच नाही.

धातूची जीभ जुन्या दात घासण्याच्या ब्रशाला किंचित रॉकेल लावून साफ करावी व कोरडी पुसावी. प्लास्टिकला साबणाचे पाणी पुरते. वंगण म्हणून पुष्कळजण मेणबत्ती घासतात. उपाय चांगला आहे, मात्र मेण कोणते ते पाहावे. मधमाश्यांचे मेण आपल्याला वर्ज्य. मेणबत्तीत मिसळले जाणारे स्टिअरिन प्राणिज चरबीचेही असू शकते. पॅराफिन खनिज तेलापासून निघते, त्याची हरकत नाही. पांढऱ्या लिथियम ग्रीसचा साबणही बहुधा एरंडेल तेलापासून केलेला असतो. काडीच्या टोकावर येईल इतके ते पुरे. किल्लीचे कुलूप असेल तर त्यात तेल मुळीच घालू नये. शिसपेन्सिलीचे टोक घासून निघालेली ग्रॅफाइटची पूड किल्लीवर लावून ती चार-पाच वेळा फिरवावी.

जुळणीसाठी पाटीवरचा खडू हवा. जिभेला खडू फासून झाकण लावावे आणि काढावे. कडीवर पांढरी खूण कोठे उमटली ते पाहावे. खूण वर असेल तर झाकण वर चढले आहे, खाली असेल तर लोंबले आहे. झाकण लोंबण्याचे कारण बहुधा एकच, उघड्या झाकणाचा सहलीत केलेला टेबल. त्यावर थर्मास, डबे, कधी लहान मूलही टेकते आणि बिजागरीचे स्क्रू सैल होतात. आधी ते आवळावेत. त्यानंतरही खूण सरकलेली राहिली तर कडीचे दोन स्क्रू अर्धा फेरा सैल करून, झाकण हळू लावून कडीला आपली जागा घेऊ द्यावी, मग आवळावे. झाकणाच्या कडेची रबरी बटणे कडक झाली असतील तीही बदलावीत. त्यांच्यामुळे झाकण पुरते बसत नाही. ज्या गाडीत त्या बाजूला एअरबॅग आहे, तेथे खणाच्या वरच्या पट्टीला घरी हात लावू नये, ते काम गॅरेजचे.

गाडी काढून टाकावी असेही कोणी सुचवील. पण ज्या घरी अजून पद्मिनी उभी आहे, तेथे हा सल्ला ऐकला जात नाही. सोलापूरच्या जैन कुटुंबात 1882 साली जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी 1944 साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली. कुर्ल्याच्या कारखान्यातून पुढे फियाट निघू लागल्या, आणि 1974 पासून त्यांतील एकीला 'पद्मिनी' हे नाव मिळाले. अशी गाडी सांभाळणारे आजोबा खटक्यासाठी एक दुपार देतात, त्यात नवल नाही.

खण पुन्हा भरताना नोंदणी व विम्याच्या प्रती, टॉर्च, एक रुमाल एवढे पुरते. कागद आता डिजिलॉकरवर दाखविलेलेही चालतात. औषध मात्र परत तेथे ठेवू नये. वैशाखात उन्हात उभ्या गाडीचा डॅशबोर्ड हाताला चटका देतो, आणि हृदयविकाराच्या अनेक गोळ्यांचा जोर अशा उष्णतेने उतरतो. आजोबांची डबी आजोबांच्या सदऱ्याच्या खिशात, आणि दुसरी सूनबाईंच्या पर्समध्ये.