नायकाचे हरवलेले नाव
परराष्ट्र सेवेतील तत्कालीन अधिकारी विकास स्वरूप यांची ‘क्यू अँड ए’ ही कादंबरी २००५ मध्ये प्रसिद्ध झाली आणि पुढे चाळीसहून अधिक भाषांत पोहोचली. धारावीत राहणाऱ्या तिच्या नायकाचे नाव होते राम महंमद थॉमस. अनेक पंथांना सामावून घेणारा भारत त्या एका नावात उभा होता. २००८ च्या ब्रिटिश चित्रपटात मात्र तो जमाल मलिक झाला आणि शीर्षकात ‘स्लमडॉग’ ही हेटाळणी आली. त्याला आठ ऑस्कर मिळाले; जगाने तोच भारत पाहिला. गरिबी दाखवू नये, असे कोणीच म्हणणार नाही. परंतु आपली कथा परक्या हाती गेली की तिचे नावही आपले उरत नाही. लेखणीप्रमाणेच कॅमेराही आपल्याच हाती हवा, हाच यातील बोध.