नादारी आणि नोकरी

नादारी ही विपत्ति होय, पातक नव्हे. पातक आहे तें लपवाछपवींत. महाराष्ट्रांत मुंबई शहराबाहेर आजही लागू असलेल्या १९२० च्या प्रांतिक नादारी कायद्याप्रमाणें, मुक्ततेचा हुकूम न मिळालेल्या नादारानें आपली स्थिति न सांगतां ५० रुपये वा अधिक उधार घेतल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद होऊं शकते. तेव्हां एक कर्ज फेडण्यास दुसरें काढण्याची खोड त्यानें प्रथम सोडावी. परंतु हाच कायदा कारागिराचीं हत्यारें त्याच्या हातांतून काढून घेत नाहीं. कां? श्रमावांचून ऋण फिटत नाहीं म्हणून. मग केवळ नादार म्हणून कर्तबगार माणसास नोकरी नाकारणारे व्यापारी कोणाचें हित साधतात? सावकाराचें तर नव्हेच! नादारानें खरें सांगावें आणि पेढीवाल्यांनीं त्यास काम द्यावें, असें आमचें स्पष्ट मत आहे.